एक डोनर, १४ देश, १९७ मुलं: युरोपातल्या स्पर्म बँक प्रकरणातून काय कळतं?

युरोपातल्या दोन कुटुंबांतल्या मुलांना कॅन्सर झाला. दोन्ही मुलांचा जन्म स्पर्म बँकेतून घेतलेल्या शुक्राणूंमुळे झाला होता. तपासणीत दोघांमध्येही एक दुर्मिळ जनुकीय दोष आढळला. दोन्ही कुटुंबांनी स्वतंत्रपणे आपापल्या फर्टिलिटी क्लिनिकशी संपर्क साधला, आणि धागा एकाच डोनरपर्यंत पोहोचला.

फ्रान्समधल्या रुआं विद्यापीठ रुग्णालयातल्या शास्त्रज्ञ एडविज कास्पर यांनी मे २०२५ मध्ये हे प्रकरण मिलानमधल्या जनुकशास्त्र परिषदेत मांडलं. तेव्हा या डोनरपासून जन्मलेल्या ६७ मुलांची माहिती हाती आली होती. त्यातल्या २३ मुलांमध्ये तो दोष होता आणि १० मुलांना कॅन्सर झालेला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये बीबीसीसह युरोपातल्या सार्वजनिक वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन केलेला तपास प्रसिद्ध झाला. तेव्हा आकडा आणखी मोठा निघाला. १४ देशांतली ६७ क्लिनिक आणि किमान १९७ मुलं. त्यातली काही मुलं आता या जगात नाहीत.

या प्रकरणानंतर सोशल मीडियावर पहिला प्रश्न आला तो असा: डोनरची तपासणी केली नव्हती का? तर केली होती. नियमाप्रमाणे केली होती आणि डोनर त्यात पासही झाला होता. मग हे झालं कसं? आणि भारतात असं होऊ शकतं का? समजून घेऊया.

नेमकं प्रकरण काय आहे?

हा डोनर २००५ मध्ये विद्यार्थी होता. डेन्मार्कमधल्या युरोपियन स्पर्म बँकेत त्याने मानधन घेऊन शुक्राणू दिले. त्याची ओळख जाहीर झालेली नाही. तो स्वतः निरोगी आहे. त्याचे शुक्राणू पुढची जवळपास १७ वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या महिलांसाठी वापरले गेले.

२०२० मध्ये बँकेला पहिली सूचना मिळाली. या डोनरपासून जन्मलेल्या एका मुलाला कॅन्सर झाला होता आणि त्याच्यात जनुकीय दोष सापडला होता. बँकेने डोनरचा नमुना तपासला. त्यात काहीच सापडलं नाही, म्हणून विक्री पुन्हा सुरू झाली.

२०२३ मध्ये आणखी एका मुलाबद्दल तशीच माहिती आली. या वेळी अनेक नमुने तपासले, तेव्हा दोष सापडला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या डोनरचे शुक्राणू वापरणं कायमचं बंद झालं. तोपर्यंत शेकडो मैल दूर असलेल्या घरांमध्ये ही मुलं मोठी होत होती.

बँकेने बाधित कुटुंबांबद्दल सहानुभूती व्यक्त केली. काही देशांमध्ये या डोनरपासून मर्यादेपेक्षा जास्त मुलं जन्मल्याचंही मान्य केलं. मात्र डोनरची तपासणी नियमाप्रमाणेच झाली होती आणि असा दोष आधी शोधणं शक्य नव्हतं, असं बँकेचं म्हणणं आहे.

बँकेच्या या म्हणण्यात तथ्य आहे. ते का, हे कळण्यासाठी आधी तो दोष समजून घ्यावा लागेल.

टीपी५३ म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोज कोट्यवधी पेशींचं विभाजन होतं. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. त्या चुकांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा शरीरात असते. त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे पी५३. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक म्हणजे टीपी५३.

एखाद्या पेशीचा डीएनए बिघडला की पी५३ तिचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती होणार असेल तर वेळ देतं. दुरुस्ती होणार नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. थोडक्यात, हा पेशीतला पहारेकरी आहे. कॅन्सरच्या सुमारे निम्म्या गाठींमध्ये हे जनुक बिघडलेलं आढळतं, यावरून त्याचं महत्त्व लक्षात येईल.

बहुतेक लोकांमध्ये हा बिघाड आयुष्यात कधीतरी, शरीराच्या एखाद्या पेशीत होतो. तो पुढच्या पिढीत जात नाही. पण काही लोक जन्मतःच टीपी५३ ची एक बिघडलेली प्रत घेऊन येतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक प्रत आधीच बिघडलेली असेल तर दुसरी बिघडायचाच अवकाश, आणि त्या पेशीतला पहारा कमकुवत होतो किंवा उठतो.

या अवस्थेला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्ये काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या कुटुंबांत लहान मुलांना आणि तरुण माणसांना वेगवेगळे कॅन्सर होत होते. त्यामागे टीपी५३ आहे, हे १९९० मध्ये स्पष्ट झालं.

हा सिंड्रोम दुर्मिळ आहे. साधारण ५,००० ते २०,००० लोकांमागे एकाला तो असतो असा अंदाज आहे. पण ज्याला असतो, त्याच्यासाठी धोका मोठा असतो. वयाच्या साठीपर्यंत कॅन्सर होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. लहानपणी मेंदूच्या गाठी, हाडांचा आणि स्नायूंचा कॅन्सर, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर, ल्युकेमिया असे आजार होऊ शकतात. महिलांमध्ये तरुण वयातच स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका असतो.

तपासणीत हा दोष का सापडला नाही?

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो.

या डोनरला हा दोष त्याच्या आईवडिलांकडून मिळालेला नाही. तो जन्माला येण्याआधी, गर्भावस्थेत, त्याच्या काही पेशींमध्ये हा बदल झाला. त्या पेशींपासून पुढे शरीराचा जो भाग बनला, त्यातच तो बदल राहिला. बाकीचं शरीर नेहमीसारखं होतं. याला मोझॅसिझम म्हणतात. मोझॅक टाइल्सच्या फरशीत कसे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे शेजारी शेजारी असतात, तसं एकाच शरीरात दोन प्रकारच्या पेशी नांदत असतात.

म्हणूनच तो निरोगी राहिला. त्याच्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये टीपी५३ च्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. पण त्याच्या शुक्राणूंपैकी २० टक्क्यांपर्यंत शुक्राणूंमध्ये बिघडलेली प्रत होती. अशा शुक्राणूपासून जे मूल जन्मतं, त्याच्या मात्र शरीरातल्या प्रत्येक पेशीत तो दोष असतो. वडिलांच्या शरीरात जो दोष काही कोपऱ्यांपुरता होता, तो मुलाच्या सगळ्या शरीरात पसरलेला असतो.

आता तपासणीचा विचार करा. स्पर्म बँका डोनरच्या कुटुंबाचा इतिहास विचारतात. या डोनरच्या बाबतीत इतिहासात काही दिसण्याचं कारणच नव्हतं, कारण दोष त्याच्यापासूनच सुरू झाला. एचआयव्ही, हिपॅटायटिससारख्या संसर्गांची चाचणी होते. तिचा इथे संबंध नाही. काही ठरावीक आनुवंशिक आजारांची चाचणी होते. त्यात टीपी५३ सहसा नसतं.

समजा, एखाद्या बँकेने हजारो जनुकांची चाचणी केली असती, तरी ती साधारणपणे रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. दोष रक्तात नसून शुक्राणूंमध्ये असेल तर अहवाल स्वच्छच येणार. शुक्राणूंचा नमुना तपासला तरी दोष थोड्याच शुक्राणूंत असल्यामुळे तो निसटू शकतो. २०२० च्या तपासणीत काही सापडलं नाही आणि २०२३ मध्ये अनेक नमुने तपासल्यावर सापडलं, हा फरक म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक अडचण होती. या डोनरमधला नेमका बदल २००८ च्या सुमारास कॅन्सरशी जोडलेला म्हणून ओळखलाच जात नव्हता. एखाद्या जनुकात बदल दिसणं वेगळं आणि तो घातक आहे हे सिद्ध होणं वेगळं. हे सिद्ध करण्यासाठी कास्पर यांच्या टीमने लोकसंख्येचे डेटाबेस, संगणकीय अंदाज आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या असे सगळे मार्ग वापरले.

मग चूक कुठे झाली?

दोष सापडणं कठीण होतं, हे मान्य केलं तरी एक प्रश्न उरतोच. एकाच माणसापासून १९७ मुलं का जन्माला आली?

असा मोझॅक दोष असलेला पुरुष लग्न करतो, त्याला एक-दोन मुलं होतात. दुर्दैव असेल तर त्यातल्या एखाद्या मुलात दोष येतो. ते एका घराचं दुःख असतं. तोच पुरुष स्पर्म बँकेचा डोनर असेल आणि त्याचे शुक्राणू १७ वर्षं वापरले गेले असतील, तर तोच दोष देशोदेशी पसरतो. दोष निसर्गाने निर्माण केला. त्याचा गुणाकार व्यवस्थेने केला.

युरोपात प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये एका डोनरपासून जास्तीत जास्त १० कुटुंबांना मुलं होऊ शकतात. डेन्मार्कमध्ये ही मर्यादा १२ कुटुंबांची आहे. बेल्जियममध्ये ६ महिलांची. पण बेल्जियममध्ये या एका डोनरपासून ३८ महिलांना ५३ मुलं झाली. म्हणजे जिथे मर्यादा होती, तिथेही ती पाळली गेली नाही.

आणि समजा, सगळ्यांनी पाळली असती तर? १४ देशांनी प्रत्येकी १० कुटुंबांचा नियम तंतोतंत पाळला, तरी एका डोनरची १४० कुटुंबं होतात. कुठलाही देश नियम मोडत नाही, आणि तरीही एका माणसाची मुलं शेकड्याने जन्मतात. कारण प्रत्येक देश फक्त आपल्या हद्दीतली मुलं मोजतो. शुक्राणूंचे गोठवलेले नमुने मात्र सीमा ओलांडून कुरिअरने जातात. महिलाही उपचारासाठी दुसऱ्या देशात जातात. या प्रकरणात काही ब्रिटिश महिलांनी डेन्मार्कमध्ये जाऊन उपचार घेतले होते.

आंतरराष्ट्रीय मर्यादा सांगणारा कायदा आजही नाही. युरोपियन स्पर्म बँकेने २०२२ च्या अखेरीस स्वतःहून जगभरात मिळून एका डोनरमागे ७५ कुटुंबं अशी मर्यादा घातली. प्रजनन क्षेत्रातल्या युरोपियन तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एश्रेने, ५० कुटुंबांची मर्यादा सुचवली आहे. कास्पर यांनीही युरोपभर एकच मर्यादा हवी अशी मागणी केली. स्वीडन आणि बेल्जियमने हा विषय २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या पातळीवर मांडला. मानवी शरीरातल्या पेशी आणि ऊतींच्या वापराबद्दलचा युरोपियन युनियनचा नवा नियम २०२७ मध्ये लागू होणार आहे. पण एका डोनरपासून किती मुलं, याचा आकडा त्यातही नाही.

मर्यादेला होणारा विरोधही समजून घ्यायला हवा. डोनर होण्यासाठी पुढे येणाऱ्या पुरुषांपैकी थोडेच बँकेच्या निकषांत बसतात. मर्यादा कमी केली की डोनरचा तुटवडा होतो, खर्च वाढतो, वाट पाहावी लागते. त्यामुळे काही जण सोशल मीडियावरून थेट डोनर शोधण्याच्या मार्गाला लागतात. तिथे तर कसलीच तपासणी आणि नोंद नसते. म्हणून प्रश्न फक्त मर्यादेचा नाही, सगळ्या देशांची मिळून एक नोंदवही असण्याचा आहे.

या मुलांसाठी आता काय करता येतं?

कुटुंबांना ही माहिती लवकर मिळणं का गरजेचं आहे, याचं उत्तर इथे आहे. ज्या मुलांचा जन्म दोष असलेल्या शुक्राणूपासून झाला, त्यांच्यातला दोष काढता येत नाही. पण कॅन्सर लवकर पकडता येतो.

त्यासाठी डॉक्टर ज्या पद्धतीने जातात तिला टोरंटो प्रोटोकॉल म्हणतात. कॅनडातल्या टोरंटोमध्ये ती विकसित झाली. दर वर्षी पूर्ण शरीराचा आणि मेंदूचा एमआरआय, दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, नियमित शारीरिक तपासणी. मूल दिसायला एकदम ठणठणीत असलं तरीही हे करायचं असतं.

याचा उपयोग होतो का? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्यांची अशी नियमित तपासणी झाली त्यांच्यातले सुमारे ८९ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. ज्यांची झाली नाही त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ६० टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण फरक मोठा होता.

उपचारही बदलतात. टीपी५३ चा दोष असेल तर शक्य तिथे रेडिएशन टाळण्याचा प्रयत्न होतो, कारण त्यातून पुढे नवा कॅन्सर होण्याची भीती असते. सीटी स्कॅनऐवजी एमआरआयला पसंती दिली जाते, कारण एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरले जात नाहीत.

म्हणजे ज्या घराला आपल्या मुलाच्या डोनरबद्दल कळलं, त्या घराच्या हातात काहीतरी करण्यासारखं आहे. ज्या घराला कळलंच नाही, तिथे पहिली सूचना कॅन्सरच देणार. १४ देशांतल्या ६७ क्लिनिकमधून प्रत्येक कुटुंबाला शोधून काढणं हे म्हणून नुसतं कागदी काम नाही.

ही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यासमोर आणखी एक प्रश्न येईल. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. आयव्हीएफद्वारे गर्भ तयार करून, गर्भाशयात सोडण्याआधी त्याची जनुकीय चाचणी करता येते आणि दोष नसलेला गर्भ निवडता येतो. दोष माहीत असेल तरच हा पर्याय खुला असतो.

भारतात असं होऊ शकतं का?

‘विकी डोनर’ हा २०१२ चा हिंदी सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. एका डोनरपासून अनेक घरांत मुलं जन्मली, ही त्यातली आनंदाची गोष्ट होती. आज भारतात कायद्याने तसं करता येत नाही.

२०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार बँकेला एका डोनरचे शुक्राणू एकापेक्षा जास्त जोडप्यांना देता येत नाहीत. पुरुष डोनरचं वय २१ ते ५५ च्या दरम्यान असावं लागतं. शुक्राणू किंवा स्त्रीबीज परदेशात विकायला किंवा पाठवायला बंदी आहे. फक्त स्वतःच्या वापरासाठी स्वतःचे नमुने न्यायचे असतील तर राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने नेता येतात. बँकेला डोनरच्या ओळखीची नोंद ठेवावी लागते.

या नियमामुळे डोनर मिळणं अवघड होतं, अशी तक्रार या क्षेत्रातून होत असते. पण डेन्मार्कच्या प्रकरणाकडे पाहिलं तर या कडक नियमाचा अर्थ लागतो. डोनरमध्ये न सापडणारा दोष असलाच, तर तो एका कुटुंबापुरता राहतो.

अर्थात कायदा कागदावर असणं आणि तो प्रत्येक बँकेत पाळला जाणं, यात अंतर असू शकतं. बेल्जियमचा अनुभव समोर आहे. शिवाय २०२२ च्या आधी भारतात या क्षेत्रासाठी फक्त मार्गदर्शक सूचना होत्या, कायद्याचं बंधन नव्हतं. भारतीय कायद्यातली डोनरची सक्तीची तपासणीही मुख्यतः संसर्गजन्य आजारांसाठी आहे. आणि परदेशात राहून तिथल्या क्लिनिकमध्ये उपचार घेणाऱ्या मराठी जोडप्यांना तर तिथलेच नियम लागू होतात. त्यांनी क्लिनिकला तीन प्रश्न जरूर विचारावेत. या डोनरचे शुक्राणू सगळ्या देशांत मिळून किती कुटुंबांना दिले आहेत? पुढे डोनरबद्दल काही कळलं तर आम्हाला कोण कळवणार? आणि आमच्या मुलाला काही झालं तर आम्ही कोणाला कळवायचं?

प्रत्येक मुलाचा कॅन्सर आनुवंशिक असतो का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा बातम्यांनंतर मुलाला कॅन्सर झालेल्या अनेक आईवडिलांच्या मनात अपराधी भावना येते.

अमेरिकेत कॅन्सर झालेल्या १,१२० मुलांचा आणि तरुणांचा जनुकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या साडेआठ टक्के रुग्णांमध्ये जन्मतः असलेला, कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष सापडला. त्यात सर्वाधिक प्रमाण टीपी५३ चंच होतं. पण उरलेल्या ९१ टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये असा दोष आढळला नाही. त्यात आईवडिलांनी काही केलं किंवा करायचं राहून गेलं, असं काही नाही.

मात्र घरात कमी वयात एकापेक्षा जास्त लोकांना कॅन्सर झाला असेल, एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळे कॅन्सर झाले असतील, किंवा मुलाला ॲड्रिनल ग्रंथीच्या कॅन्सरसारखा दुर्मिळ कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारायला हरकत नाही. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक संस्थेत आनुवंशिक कॅन्सरवर काम चालतं. कुटुंबात आधी कोणाला आजार नव्हता, एवढ्यावरून शक्यता पूर्ण संपत नाही, हे या डोनरच्या उदाहरणातून दिसलंच आहे.

आणि डोनरची मदत घेऊन मूल होऊ देणं घातक आहे, असाही याचा अर्थ नाही. जनुकांमध्ये नवे बदल कुठल्याही वडिलांच्या, कुठल्याही आईच्या शरीरात होऊ शकतात. त्यातले सगळे आधी शोधून काढेल अशी चाचणी आज नाही. पण एका माणसापासून किती मुलं जन्मावीत, त्याची नोंद कोणी ठेवावी आणि काही बिघडलं तर प्रत्येक घरापर्यंत निरोप कसा जावा, हे ठरवायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही. या १९७ मुलांपैकी किती जणांमध्ये दोष आहे, हे अजून पूर्ण स्पष्ट झालेलं नाही. त्यांच्यातल्या कोणाला वेळेत एमआरआय मिळेल, हे त्या निरोपावर अवलंबून आहे.